आधी कोण उठणार आणि दारावर काय लिहिणार?

दाभोळच्या धक्क्यावर उभे राहून वाशिष्ठीच्या मुखाकडे पाहिले की पलीकडच्या तीरावर, अंजनवेलच्या बाजूला, वीजप्रकल्प दिसतो. त्याचा इतिहास आपल्या भागात सर्वांना पाठ आहे. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ च्या मे महिन्यात तो बंद पडला, त्याच वर्षअखेरीस एन्रॉनचे दिवाळे निघाले. पुढे रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी आली आणि २००६ मध्ये यंत्रे पुन्हा फिरली. या साऱ्या प्रकरणावर पुष्कळ बोलून झाले आहे. मला आज बोलायचे आहे ते "यंत्रे पुन्हा फिरली" या तीन शब्दांबद्दल.

कारण असे यंत्र एक बटण दाबले आणि फिरले, असे होत नाही. गॅस टर्बाइनला स्वतःहून पहिली गिरकी घेता येत नाही. ती बाहेरच्या विजेने घ्यावी लागते. ती वेगात आली की इंधन पेटते. तिच्या तप्त धुरावर बॉयलरमधले पाणी तापते, वाफ होते, वाफेच्या नळ्या हळूहळू गरम कराव्या लागतात आणि मग कुठे वाफेची टर्बाइन फिरते. वीज तयार करायलाच आधी वीज लागते, ही त्यातली गंमत. म्हणून सगळे ग्रीड अंधारात गेले की पहिल्यांदा उठवायची ती जलविद्युत केंद्रे. त्यांना उठायला फार थोडी मदत पुरते. आपल्याकडे कोयना आहे. पोफळीच्या वीजघरातून बाहेर पडलेले कोयनेचे पाणी वाशिष्ठीत येते आणि दाभोळपाशीच समुद्राला मिळते. आधी पाण्याचे केंद्र, मग वायूचे, मग वाफेचे. हा क्रम उलटा करता येत नाही. आधी कळस मग पाया हे म्हणीत चालते, यंत्रात चालत नाही.

संगणकाचेही अगदी असेच आहे, आणि आजचा माझा विषय तोच. संगणक सुरू होताना आत कोण आधी उठतो, कोण मागून उठतो, हे लिहून ठेवलेले असते. तो सुरू झाला की दारात येणाऱ्याला तो काय सांगतो, हेही लिहून ठेवलेले असते. पहिल्याला स्टार्ट-अप स्क्रिप्ट म्हणतात, दुसऱ्याला लॉग-इनचा निरोप. मी बोलणार आहे ते लिनक्स या प्रणालीबद्दल, कारण तिच्यात हे दोन्ही कागद साध्या मजकुराच्या रूपात उघडे असतात. ते वाचता येतात आणि दुरुस्तही करता येतात.

लिनक्स म्हटले की पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांतले काहीतरी, असे आपल्याला वाटते. पण दापोली, गुहागर, खेड, चिपळूण इथल्या न्यायालयांत ज्याची तारीख लागली आहे अशा कोणाही पक्षकाराचा लिनक्सशी संबंध येऊन गेलेला आहे. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी जो ई-न्यायालय प्रकल्प राबवला गेला, त्यात उबंटू नावाची लिनक्स प्रणाली निवडण्यात आली. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्याच्या मंडळींनी तयार केली, तीही मुक्त सॉफ्टवेअर वापरून. परवान्याचे पैसे वाचले हा एक भाग झाला. दुसरा असा की न्यायालयाचे दप्तर एखाद्या परदेशी कंपनीच्या मर्जीवर राहिले नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

आता कल्पना करा. मे महिन्याचा शेवट, वळवाचा पाऊस, गडगडाट, वीज गेली. यूपीएसची बॅटरी पाऊण तास टिकली आणि तिनेही मान टाकली. अशा एखाद्या कार्यालयातला सर्व्हर बंद झाला. सकाळी शिपाई येतो, खटका वर करतो, सर्व्हरचे बटण दाबतो. साडेदहाला माणसे खिडकीशी उभी राहणार. बटण दाबल्यापासून पडद्यावर "नाव सांगा" असे येईपर्यंत आत काय घडते?

लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो जागा होतो आणि स्वतः फक्त एकच प्रोग्रॅम सुरू करतो. त्याचा क्रमांक एक. बाकी सगळे, नेटवर्क, घड्याळ, छपाई, नोंदींचा डेटाबेस, या पहिल्याने किंवा त्याच्या मुलाबाळांनी उठवायचे. जुन्या पद्धतीत या कामासाठी एका फोल्डरमध्ये छोट्या छोट्या सूचनापत्रिका असत आणि प्रत्येकीच्या नावाच्या आधी आकडा असे. नेटवर्कचा आकडा दहा, वेबसेवेचा पंच्याऐंशी. आकड्यांच्या क्रमाने एकामागून एक उठायचे, शाळेतल्या हजेरीसारखे. पद्धत समजायला सोपी होती. खोट एवढीच की कुंभार्ली घाटात एक ट्रक बंद पडला की मागची सगळी रांग उभी राहते, तसे एक जण अडकला की बाकीचे सगळे अडकत.

२००६ साली उबंटूने आणि २०१० नंतर इतर अनेकांनी ही पद्धत बदलायला घेतली. आज बहुतेक लिनक्सवर सिस्टम-डी नावाचा कारभारी असतो. २०१५ मध्ये उबंटूनेही तोच स्वीकारला. त्यावरून लिनक्सच्या जगात जी भांडणे झाली ती ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला लाजवतील अशी होती. ती सोडून देऊ. या कारभाऱ्याची रीत वेगळी आहे. तो आकडे विचारत नाही, नाती विचारतो. तुला कोण हवे? तुझ्याआधी कोण यायला हवे? ज्यांचे एकमेकांशी देणेघेणे नाही, त्यांना तो एकदमच उठवतो. त्यामुळे यंत्र लवकर तयार होते.

मात्र इथे एक बारीक गोष्ट आहे आणि बहुतेक घोटाळे तिच्यातूनच होतात. "हवे" आणि "आधी हवे" या त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नाला भटजी हवेत, ही झाली गरज. भटजी आल्यावरच अंतरपाट धरायचा, हा झाला क्रम. माणसाला पहिले सांगितले की दुसरे आपोआप कळते. संगणकाला कळत नाही. "या सेवेला डेटाबेस हवा" एवढेच लिहिले, तर तो दोघांनाही एकाच क्षणी उठवतो. मग सेवा धावत डेटाबेसकडे जाते, तो अजून डोळे चोळत असतो, आणि ती "डेटाबेस सापडला नाही" म्हणून पडते. एरवी हे लक्षात येत नाही, कारण डेटाबेस चटकन उठतो. पण वीज अचानक गेलेली असेल, तर उठल्यावर त्याला आधी अर्धवट राहिलेल्या नोंदी तपासून पुऱ्या कराव्या लागतात. त्यात वेळ जातो. म्हणजे ज्या सकाळी यंत्र सुरळीत उठण्याची सर्वांत जास्त गरज, नेमके त्याच सकाळी ते पडते.

नेटवर्कचेही तसेच. नेटवर्क सुरू केले म्हणजे पलीकडून कोणी उत्तर देऊ लागले, असे नव्हे. तार जोडणे वेगळे आणि फोन लागणे वेगळे. सूचना लिहिणाऱ्याने यातले कोणते हवे ते स्पष्ट लिहायला पाहिजे.

कोकणातल्याच एका कार्यालयात, नाव सांगत नाही, सर्व्हर सुरू व्हायला रोज काही मिनिटे जास्त लागत. पडद्यावर एक ओळ येऊन थांबे, सेकंद मोजले जात, मग गाडी पुढे सरके. कर्मचाऱ्यांनी त्यावर तोड काढली होती. बटण दाबायचे आणि चहा टाकायचा. चहा होईपर्यंत सर्व्हर होतो. हे बरीच वर्षे चालले. एकदा कोणीतरी ती ओळ वाचली. दुसऱ्या खोलीतल्या एका यंत्राची डिस्क जोडून घे, अशी ती सूचना होती. ते यंत्र केव्हाच भंगारात गेले होते. बिचारा सर्व्हर रोज सकाळी त्याच्या दारावर टकटक करी, उत्तराची वाट पाही आणि निमूटपणे पुढच्या कामाला लागे. सूचना लिहिणारा बदली होऊन गेला होता आणि आपण अमुक लिहून ठेवले आहे, हे त्याने कोणाला सांगितलेले नव्हते.

अशा ओळींचे आवडते ठिकाण म्हणजे आर-सी-लोकल नावाची फाइल. जुन्या पद्धतीत ती सर्वांत शेवटी चालायची, म्हणून जे कुठेच बसत नाही ते तिथे टाकायची सवय लागली. आजही पुष्कळ ठिकाणी ती फाइल असली तर चालवली जाते. आपल्या घरांच्या पोटमाळ्यासारखी तिची अवस्था असते. मोडका पाट, आजोबांची ट्रंक, कशाचे तरी झाकण. टाकवत नाही आणि कशाला आहे ते आठवत नाही. फरक एवढाच की पोटमाळ्यावरचे सामान गप्प पडून राहते. ही फाइल मात्र यंत्र सुरू होताना दर वेळी, यंत्राच्या मालकाचे सर्वाधिकार घेऊन, एकेक ओळ अमलात आणते. म्हणूनच चोरून आत शिरलेल्यालाही ती आवडते. तिथे आपली एक ओळ टाकली की यंत्र कितीदा बंद करून चालू केले तरी तो पुन्हा हजर. या फायली लिहिण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे वर्षातून एकदा तरी पाहावे, आणि प्रत्येक ओळीच्या वर ती कोणी, कोणत्या तारखेला, कशासाठी घातली ते लिहावे. लिनक्समध्ये चौकटीचे चिन्ह देऊन अशी टीप लिहिता येते. यंत्र ती वाचत नाही, माणसाने वाचावी म्हणूनच ती असते.

घड्याळाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याकडे फार दुर्लक्ष होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली, मंडणगड या बाजूला झाडे, छपरे, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. संगणक बंद असतानाही त्याचे घड्याळ चालू ठेवते ती आत बसवलेली नाण्याएवढी बॅटरी. वीजपुरवठा असतो तोवर तिच्यावर ताण पडत नाही. जुनी झालेली बॅटरी दीर्घ काळ एकटी राहिली की संपते. मग वीज आल्यावर यंत्र उठते ते कुठल्यातरी मागच्याच तारखेत. इंटरनेटवरून खरी वेळ विचारून घेण्याची सोय लिनक्समध्ये आहे, पण ती सेवासुद्धा रांगेतलीच एक. ती उठण्याआधी नोंदी घेणारी सेवा उठली, तर सकाळच्या पहिल्या काही नोंदींवर चुकीची तारीख पडू शकते.

किराणा दुकानात अशी तारीख खोडून दुरुस्त करता येईल. न्यायालयात, तलाठ्याकडे, दुय्यम निबंधकाकडे तारीख म्हणजेच हक्क. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. तिसावा दिवस आणि एकतिसावा दिवस यांच्यामध्ये एखाद्याची वडिलोपार्जित आमराई असू शकते. म्हणून "आधी घड्याळ, मग डेटाबेस, मग अर्ज स्वीकारणारी खिडकी" हा क्रम स्टार्ट-अपच्या सूचनांत स्पष्ट लिहून ठेवला पाहिजे. नाण्याएवढी ती बॅटरीही अधूनमधून बदलली पाहिजे. ती फार महाग नसते.

आता दारावरच्या निरोपाकडे वळू. लिनक्समध्ये निरोप दोन प्रकारचे. एक नाव आणि पासवर्ड विचारण्याच्या आधी दिसतो, दुसरा आत आल्यावर. पहिला रस्त्यावरच्या पाटीसारखा, येणारा-जाणारा कोणीही वाचणार. दुसरा कचेरीच्या आतल्या फळ्यासारखा, फक्त आपल्या माणसांसाठी. हा भेद पाळला जात नाही. पुष्कळ ठिकाणी बाहेरच्याच पाटीवर प्रणालीचे नाव आणि आवृत्ती झळकत असते, कारण ती तशी तयारच मिळते. घराला कोणत्या बनावटीचे कुलूप आहे हे दारावर लिहायचे कारण नाही. तिथे एवढेच असावे की हे अमुक कार्यालयाचे यंत्र आहे, परवानगी असलेल्यांनीच वापरावे, आणि विनापरवानगी प्रवेश हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली कारवाईला पात्र आहे. "सुस्वागतम" लग्नाच्या मांडवावर शोभते, इथे नको.

आतल्या निरोपाला एम-ओ-टी-डी म्हणतात, म्हणजे आजचा निरोप. ही कल्पना लिनक्सहून कितीतरी जुनी. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत साठच्या दशकात एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत प्रथम रुळली, तेव्हापासून ती आहे. तिथलाच एक किस्सा फर्नांडो कोर्बातो यांनी १९९० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितला होता. एका दुपारी जो कोणी आत येई त्याच्यापुढे आजच्या निरोपाऐवजी सर्व वापरकर्त्यांच्या पासवर्डची संपूर्ण यादी छापून येऊ लागली. झाले होते असे की दोन व्यवस्थापक एकाच वेळी बसले होते. एक निरोप दुरुस्त करत होता, दुसरा पासवर्डची यादी. दोघांच्या कच्च्या प्रती यंत्राने एकाच नावाने ठेवल्या. मूळ रचनेत दोघांना एकदम तिथे काम करताच येत नव्हते. पुढे सोयीसाठी ते बंधन सैल केले गेले होते. ही घटना १९६६ ची.

हे जुने झाले म्हणावे, तर २०१० च्या जुलैमध्ये उबंटूमध्ये असाच दोष सापडला. आत आलेल्या माणसाला कायदेशीर सूचना एकदाच दाखवायची, म्हणून ती दाखवल्याची खूण निरोप दाखवणारा प्रोग्रॅम त्या माणसाच्याच फोल्डरमध्ये ठेवत असे, आणि ठेवताना मालकाचे सर्वाधिकार वापरत असे. हुशार माणसाने त्या खुणेच्या जागी दुसरीकडे नेणारी वाट ठेवली की सबंध यंत्र त्याच्या ताब्यात. कायद्याची आठवण करून देणाऱ्या पाटीनेच तिजोरी उघडी केली! दोष लगेच दुरुस्त झाला. पण तेव्हापासून निरोप दाखवणे हे निरुपद्रवी काम आहे असे कोणी समजू नये, असे मला वाटते. आजच्या उबंटूत हा निरोप लिहून ठेवलेला नसतोच. आत येण्याच्या क्षणी छोट्या छोट्या स्क्रिप्ट चालतात आणि डिस्क किती भरली, किती दुरुस्त्या बाकी आहेत, हे जुळवून तो तयार होतो. म्हणजे इथेही स्क्रिप्ट आणि इथेही सर्वाधिकार.

आता निरोपात लिहायचे काय? २०१७ मध्ये उबंटूच्या निरोपात एका दूरचित्रवाणी मालिकेविषयीच्या मजकुराचा दुवा दिसला आणि वापरकर्ते चिडले. रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर उठवायला बसलेल्या माणसाला मालिकेत कसला रस? पण आपल्या कार्यालयांत याहून साधी आणि जास्त घातक गोष्ट घडते. "शनिवारी सर्व्हर बंद राहील" हा निरोप लावला जातो, शनिवार जातो आणि निरोप तसाच राहतो. एक महिना, दोन महिने. लोकांचे डोळे त्या ओळींवरून घसरायला शिकतात. लांडगा आला रे आला ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे कधीतरी "डिस्क भरत आली आहे, जुन्या प्रती हलवा" असे खरोखरच लिहिलेले असते, आणि ते कोणी वाचत नाही.

यावर एक सोपा उपाय आहे. निरोपातच तो काढण्याची तारीख लिहायची. नमुना ऐका: "शनिवार दि. १४, सायंकाळी ६ ते ८ सर्व्हर बंद. दिवसाच्या नोंदी ५ वाजेपर्यंत पूर्ण कराव्यात. अडचण आल्यास तळमजल्यावरील संगणक कक्षात सांगावे. हा निरोप दि. १५ रोजी काढावा." चार ओळी, त्याहून जास्त नको. आणि ज्या दिवशी सांगण्यासारखे काही नसेल त्या दिवशी फळा कोरा ठेवावा. कोऱ्या फळ्यावर उमटलेले अक्षर लगेच नजरेत भरते.

हे मराठीत लिहिता येईल का, असे मला विचारतात. त्याचे उत्तर अर्धे होय असे आहे. मुंबईतून २००० च्या आसपास उभ्या राहिलेल्या इंडलिनक्ससारख्या प्रयत्नांमुळे आणि पुढे अनेक स्वयंसेवकांच्या मेहनतीमुळे लिनक्सचा खिडक्या-चित्रांचा पडदा चांगला मराठी बोलतो. तिथल्या लॉग-इनच्या पाटीवर देवनागरी मजकूर स्वच्छ दिसतो. पण सर्व्हरचा नुसता काळा पडदा अजून जोडाक्षरे जाणत नाही. काना, मात्रा, रफार यांच्या जागी चौकोन उमटतात. त्या पडद्यापुढे बसणाऱ्यांसाठी रोमन लिपीतल्या मराठीत लिहावे, खिडकीवर बसणाऱ्यांसाठी देवनागरीत. माझा अनुभव असा की "सायंकाळी सहानंतर नोंदी करू नयेत" हे वाक्य रोमन लिपीत असले तरी लोक वाचतात, आणि त्याच अर्थाची इंग्रजी ओळ शेजारी असली तर ती सोडून देतात.

राहिली शेवटची गोष्ट, चाचणीची. क्रम बरोबर लिहिला आहे की नाही हे कागदावर कळत नाही. जून लागण्यापूर्वी, सुट्टीच्या दिवशी, सर्व माणसे हाताशी असताना, आधी नोंदींची प्रत काढून घेऊन सर्व्हर मुद्दाम बंद करावा, काही वेळ तसाच ठेवावा आणि पुन्हा सुरू करावा. बटण रोजच्या शिपायानेच दाबावे, जाणकाराने हात लावू नये. कोण कितव्या मिनिटाला उठले, कोण पडले, तारीख कोणती दिसली, हे वहीत उतरवून घ्यावे. त्यात जे अडेल ते उन्हाळ्यातच दुरुस्त होते, आणि ती वही सर्व्हरच्या शेजारी खिळ्याला टांगून ठेवता येते; वीज नसली तरी ती उघडते.